अक्षरं बिघडलेली दिसली, तर आधी सेव्ह दाबू नका

दांडिया बाजारातल्या एका गणेश मंडळाची वर्गणीदारांची यादी मला एका छोट्या ॲपमध्ये चढवायची होती. नावं मराठीत, पत्ते गुजरातीत, रकमा इंग्रजी आकड्यांत. बडोद्यात यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. यादी एक्सेलमध्ये होती. मी काकांना म्हटलं, "मला सीएसव्ही करून पाठवा." सीएसव्ही म्हणजे रकाने स्वल्पविरामाने तोडलेली साधी टेक्स्ट फाइल. त्यांनी पाठवली. उघडली तर नावाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं.

"काका, मूळ एक्सेल फाइल आहे ना?"

"नाही गं, दोन-दोन फाइली कशाला म्हणून जुनी काढून टाकली."

ती यादी पावतीपुस्तकं समोर ठेवून पुन्हा टाइप झाली. चूक काकांची नव्हती, माझी होती. एक्सेलमध्ये एकाहून जास्त प्रकारच्या सीएसव्ही असतात, त्यातली कुठली हवी ते मी सांगितलंच नव्हतं. प्रोग्रामिंगला नुकती सुरुवात केलेल्यांनी हे असलं टायपिंग टाळावं म्हणून हा लेख. कमांड आणि मेन्यूंची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

फाइलीत अक्षरं नसतात

फाइलीत असतात बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे ठरवणाऱ्या कराराला एन्कोडिंग म्हणायचं. १९६३ सालच्या ॲस्की करारात १२८ जागा होत्या. इंग्रजीचं भागलं, आपलं भागणार नव्हतं. मग प्रत्येकाने उरलेल्या १२८ जागांत आपापलं काहीतरी बसवलं. पश्चिम युरोपासाठी विंडोजने जो तक्ता केला तो विंडोज-१२५२. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर 'एएनएसआय' असं लिहिलेलं दिसतं ते बहुतेक वेळा हेच. त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही, गुजरातीचंही नाही.

युनिकोडने जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिला. तो क्रमांक बाइटांत कसा मांडायचा याची सध्या सगळीकडे चालणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ साली आखली. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरी अक्षराला तीन. 'क' चा क्रमांक सोळाच्या पद्धतीत (हेक्स, म्हणजे ० ते ९ नंतर ए ते एफ हेही आकडेच) ०९१५ आणि फाइलीत तो 'ई० ए४ ९५' असा बसतो.

आता बडोदेकरांसाठी गंमत. गुजराती 'क' चा क्रमांक आहे ०ए९५ आणि त्याचे बाइट 'ई० एए ९५'. फरक फक्त मधल्या बाइटचा. युनिकोडने भारतीय लिप्यांचे तक्ते इस्की या भारतीय मानकाच्या धर्तीवर मांडले, त्यामुळे दोन्ही लिप्यांतला क आपापल्या तक्त्यात त्याच जागी बसला. म्हणून बाइट बघताना 'ई० ए४' किंवा 'ई० ए५' अशा जोड्या दिसल्या तर देवनागरी, 'ई० एए' किंवा 'ई० एबी' दिसल्या तर गुजराती. एवढं लक्षात राहिलं की निम्म्या फाइली नुसत्या बघून ओळखता येतात.

आणि सगळ्या भानगडीचं मूळ हे, की साध्या टेक्स्ट फाइलीवर आपलं एन्कोडिंग कुठलं याची चिठ्ठी नसते. उघडणारं प्रत्येक टूल अंदाज बांधतं, आणि तुमच्या एडिटरचा अंदाज बरोबर आला म्हणून कंपायलरचाही येईल असं नाही.

पहिली पायरी: काय बिघडलंय ते नीट बघा

"मराठी नीट दिसत नाही" ही तक्रार झाली, निदान नव्हे. चार वेगवेगळे आजार असतात.

चौकोनी डबे दिसत असतील तर बहुतेक फाइल ठणठणीत आहे, मशीनवर फॉन्ट नाही. फॉन्ट टाका, विषय संपला.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि त्याच्या शेजारी चार पायांचं गोल चलनचिन्ह अशी जोडी ओळभर पुन्हा पुन्हा येत असेल, तर यूटीएफ-८ फाइल विंडोज-१२५२ समजून वाचली गेली आहे. ती तिरक्या रेघेची 'ए' म्हणजे आपला 'ई०' आणि ते गोल चिन्ह म्हणजे 'ए४'. माल शाबूत आहे, वाचणारा चुकला.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर दोन शक्यता. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह असेल तर वाचणाऱ्याला बाइट कळले नाहीत, पण फाइलीत ते बहुधा अजून आहेत. साधं प्रश्नचिन्ह असेल तर लिहिणाऱ्याने अक्षर टाकून त्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलेलं असण्याची दाट शक्यता. काकांच्या यादीचं हेच झालं होतं. यावर औषध नाही, बॅकअप शोधा.

चौथा आजार जुन्या फाइलींचा. नोटपॅडमध्ये उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांचा बरळलेला मजकूर दिसतो, मात्र विशिष्ट फॉन्ट लावला की सुंदर देवनागरी. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी वगैरे मंडळी. कृतिदेवमध्ये 'क' हवा असेल तर 'डी' चं बटण दाबतात आणि फाइलीत खरंच इंग्रजी 'डी' च साठवलेला असतो, फॉन्ट फक्त त्याला क चा मुखवटा चढवतो. एन्कोडिंग बदलून यात काहीही होणार नाही, त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. छापखान्यातून किंवा जुन्या कचेरीच्या संगणकावरून आलेली फाइल असेल तर माझा पहिला संशय यावर असतो.

दुसरी पायरी: कॉपी काढा आणि बाइट बघा

कॉपी काढायला दोन सेकंद लागतात. काढाच.

मग बाइट बघा. लिनक्स, मॅक किंवा विंडोजवरच्या गिट बॅशमध्ये 'एक्सएक्सडी' आणि पुढे फाइलीचं नाव. पॉवरशेलमध्ये 'फॉरमॅट-हेक्स'. घाबरण्यासारखं काही नाही, पहिली ओळ वाचली तरी पुरे. सुरुवातीला 'ईएफ बीबी बीएफ' असेल तर यूटीएफ-८ आणि पुढे बॉम. बॉम म्हणजे फाइलीच्या तोंडाशी लावलेली न दिसणारी खूण. 'एफएफ एफई' असेल तर यूटीएफ-१६, म्हणजे युनिकोड बाइटांत मांडायची दुसरी एक पद्धत. काहीच खूण नाही पण 'ई० ए४', 'ई० ए५' च्या रांगा आहेत, तर बिनबॉमची यूटीएफ-८. आणि सगळीकडे '३एफ ३एफ ३एफ' असेल तर ती साधी प्रश्नचिन्हं आहेत, पावतीपुस्तकं काढा.

फाइल मोठी असेल तर 'आयकॉन्व्ह' कमांडला यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच रूपांतर करायला सांगा. वेडेपणा वाटेल, पण यूटीएफ-८ ची रचना इतकी काटेकोर आहे की दुसऱ्या एन्कोडिंगचा मजकूर त्या चाळणीतून सहसा पार होत नाही. चुकीचा बाइट आला की कमांड तिथेच थांबते आणि जागा सांगते.

तिसरी पायरी: 'रीओपन' आणि 'सेव्ह' यांत गल्लत नको

नवीन मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून सावकाश वाचा. व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडे 'यूटीएफ-८' असं लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक केलं की दोन पर्याय येतात. 'रीओपन विथ एन्कोडिंग' म्हणजे तेच बाइट दुसऱ्या कराराने वाचून दाखव. फाइलीला हात लागत नाही. 'सेव्ह विथ एन्कोडिंग' म्हणजे आत्ता स्क्रीनवर जी अक्षरं आहेत ती या कराराने लिहून टाक. स्क्रीनवर कचरा असेल तर कचराच पक्का होतो.

समजा 'क' चे तीन बाइट विंडोज-१२५२ म्हणून वाचले गेले. स्क्रीनवर तीन वेगळी चिन्हं आली. आता तुम्ही 'यूटीएफ-८ मध्ये सेव्ह कर' म्हणालात, तर ती तीन चिन्हं यूटीएफ-८ मध्ये लिहिली जातात: दोन बाइट, दोन बाइट आणि तीन बाइट. तीनाचे सात झाले. फाइल एकाएकी दुपटीहून फुगली तर समजा कुणीतरी हे करून बसलंय. हे बऱ्याचदा उलटं फिरवता येतं. पायथनची 'एफटीएफवाय' ही लायब्ररी नेमकी याच कामासाठी आहे. पण त्यावर विसंबून सेव्ह दाबू नका.

म्हणजे क्रम असा: आधी रीओपन, वेगवेगळी एन्कोडिंग लावून बघा, मजकूर वाचता आला की मगच यूटीएफ-८ मध्ये सेव्ह. इंटेलिजे या एडिटरमध्ये हेच दोन पर्याय 'रीलोड' आणि 'कन्व्हर्ट' या नावांनी विचारले जातात.

पाय मोडण्याची गोष्ट

आमच्याकडच्या एका गुजराती ज्युनिअरने एकदा मला गाठलं. "बेन, एक फाइल चालते, दुसरी नाही चालत. दोन्हीमध्ये मराठीच आहे." पायथनचा प्रोग्राम, विंडोजचं मशीन. एका फाइलीत 'बडोदा' होतं, दुसरीत 'बडोद्यात'. दुसरी वाचताना प्रोग्राम कोसळत होता आणि एररमध्ये म्हणत होता की 'चारमॅप' ला ८डी हा बाइट वाचता येत नाही.

कारण फार छान आहे. विंडोजवर पायथनच्या 'ओपन' ला एन्कोडिंग सांगितलं नाही की पायथनच्या आजवरच्या बहुतेक आवृत्त्या मशीनचा एएनएसआय तक्ता घेतात, म्हणजे विंडोज-१२५२. त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आपला पाय मोडायचा हलन्त यूटीएफ-८ मध्ये 'ई० ए५ ८डी' असा लिहिला जातो. 'बडोदा' मध्ये जोडाक्षर नाही, म्हणून सगळे बाइट कुठल्या ना कुठल्या चिन्हावर बसले आणि चूक गुपचूप पुढे गेली. 'बडोद्यात' मध्ये द चा पाय मोडला आणि प्रोग्रामही मोडला.

खरं तर कोसळणारी फाइल बरी. न कोसळणारी फाइल कचरा घेऊन डेटाबेसपर्यंत जाते आणि महिन्याभराने कुणीतरी फोन करतं.

उपाय सोपा: 'ओपन' लिहिलं की एन्कोडिंग 'यूटीएफ-८' लिहायचंच. वाचताना, लिहिताना, दोन्हीकडे. जुना प्रोग्राम असेल आणि सगळीकडे बदल करणं शक्य नसेल तर 'पायथनयूटीएफ८' (मध्ये काही चिन्ह नाही) हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा, ३.७ पासून चालतो. एरर टाळण्यासाठी 'एरर्स इग्नोर' लावायचा सल्ला कुणी दिला तर नमस्कार करून बाजूला व्हा. त्याने फक्त न वाचता येणारे बाइट मुकाट्याने गळतील, उरलेला कचरा तसाच राहील.

एक्सेल आणि बॉमचा दुटप्पीपणा

एक्सेलमधून सीएसव्ही काढताना 'सेव्ह ॲज' च्या यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय असतो, तोच निवडायचा. साधी 'सीएसव्ही' निवडली की मराठीची प्रश्नचिन्हं होतात. उलट बाजूने, प्रोग्रामने बनवलेली बिनबॉमची सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली तर ती तिरक्या रेघेची 'ए' दिसायची शक्यता भरपूर. त्यासाठी 'डेटा' मेन्यूतून 'फ्रॉम टेक्स्ट' घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. किंवा पायथनमधून लिहितानाच 'यूटीएफ-८-एसआयजी' द्या, म्हणजे पुढे बॉम लागतो आणि एक्सेल खूश.

पण एक्सेलला आवडणारा बॉम बाकी कुणालाच आवडत नाही. शेल स्क्रिप्टच्या तोंडाशी बॉम असेल तर पहिली ओळ ओळखली जात नाही. पीएचपीत हेडर आधीच गेले अशी तक्रार येते. जेसन वाचणारी बरीच टूल अडतात. आणि सगळ्यात छळवादी प्रकार: पायथनमध्ये सीएसव्ही साधी 'यूटीएफ-८' म्हणून वाचली, पहिल्या रकान्याचं नाव 'नाव', आणि प्रोग्राम म्हणतो 'नाव' असा रकानाच नाही. छापून बघितलं तर समोर 'नाव' दिसतंय! त्याच्यापुढे न दिसणारा बॉम चिकटलेला असतो. लांबी मोजली तर तीनाऐवजी चार येते. वाचतानाही 'यूटीएफ-८-एसआयजी' द्या, बॉम असला तर काढला जातो, नसला तरी बिघडत नाही.

माझा नियम: एक्सेलकडे जाणाऱ्या सीएसव्हीला बॉम, बाकी कशालाही नाही.

बाकीची टूल

नोटपॅड: विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नवीन फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह होते. त्याआधी एएनएसआय व्हायची. जुन्या मशीनवर सेव्ह करताना खालची पेटी बघा.

पॉवरशेल ५.१ मध्ये '>' हे चिन्ह वापरून आउटपुट फाइलीत वळवलं की यूटीएफ-१६ फाइल तयार होते. गिट तिला बायनरी समजतो आणि फरक दाखवत नाही. पॉवरशेल ७ वापरा, सुटका होईल.

गिटमध्ये मराठी नावाची फाइल ठेवली की स्टेटसमध्ये '३४० २४४' असे आकडे दिसतात. फाइल बिघडलेली नाही, ते आपले 'ई० ए४' च आहेत, आठाच्या पद्धतीत. 'कोअर.कोटपाथ' फॉल्स करा. आणि प्रोजेक्टच्या मुळाशी 'एडिटरकॉन्फिग' फाइल ठेवून त्यात 'चारसेट' यूटीएफ-८ लिहा, म्हणजे टीममध्ये नव्याने आलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

जावामध्ये जेडीके १८ पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, डिफॉल्ट यूटीएफ-८ आहे. त्याआधीच्या आवृत्त्या मशीनवर अवलंबून. जावाचं बिल्ड टूल मेव्हन बिल्ड करताना 'प्लॅटफॉर्म एन्कोडिंग' वापरतोय असा इशारा देत असेल तर दुर्लक्ष करू नका, 'सोर्स एन्कोडिंग' ची प्रॉपर्टी पॉममध्ये, म्हणजे मेव्हनच्या सेटिंगच्या फाइलीत, घाला. तुमच्या लॅपटॉपवर चाललेलं सर्व्हरवर न चालण्याचं हे एक नेहमीचं कारण.

मायएसक्यूएलचं 'यूटीएफ८' हे नाव फसवं आहे. ते एका अक्षराला जास्तीत जास्त तीनच बाइट देतं. देवनागरी आणि गुजराती तीनात बसतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. मग कुणीतरी शेऱ्यात इमोजी टाकतं, त्याला चार लागतात, आणि नोंद अडते. इमोजीचं सोडा. बडोद्याच्या जुन्या दप्तरांतल्या मोडीचं काम करणारं कुणी भेटलं तर? मोडी लिपी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये आली, आणि तिच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. टेबल करताना 'यूटीएफ८एमबी४' च निवडा. ८.० पासून डिफॉल्ट तेच आहे, पण जुनं टेबल आपोआप बदलत नाही.

एचटीएमएलमध्ये 'मेटा चारसेट' पहिल्या १०२४ बाइटांत यायला हवा. हेडच्या अगदी वर लिहा, मोजत बसायला नको.

सगळं बरोबर आणि तरी सापडत नाही

हा प्रकार एन्कोडिंगच्या थोडा पुढचा, पण मराठीवाल्याला टळत नाही. यादीत 'कऱ्हाडे' आडनाव शोधलं, सापडेना. डोळ्यांना दिसत होतं. ऱ्ह मधला तो र तीन तऱ्हांनी लिहिला जाऊ शकतो: अख्खा ऱ हा एकच क्रमांक, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) असे दोन, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे ही न दिसणारी जोडखूण. पहिल्या दोन तऱ्हा 'एनएफसी' नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एका साच्यात आणणाऱ्या युनिकोडच्या नियमाने, एक होतात. तिसरी होत नाही, ती तुम्हालाच बदलून घ्यावी लागते. 'ॲ' चंही तसंच. एक अखंड ॲ, जो २००८ साली युनिकोडमध्ये आला, आणि दुसरा अ वर चंद्र देऊन केलेला. दिसायला जुळे, बाइटांना वेगळे, आणि नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. डेटा आत घेतानाच एकदा एनएफसी करा आणि या दोन बदलांचं छोटं फंक्शन लिहून ठेवा. फोन आणि लॅपटॉपचे कीबोर्ड वेगवेगळे असले की एकच माणूस दोनदा नोंदला जातो, आणि वर्गणीच्या पावत्या दोन निघतात.

चाचणीसाठी एक वाक्य

टेस्ट फाइलीत 'हॅलो वर्ल्ड' किंवा 'मराठी' लिहून काही सिद्ध होत नाही. वर सांगितलेल्या पाच रिकाम्या जागांवर नेमकी पडणारी आपली अक्षरं आहेत: ८१ वर चंद्रबिंदू, ८डी वर हलन्त, ८एफ वर ए, ९० वर ऐ आणि ९डी वर झ. ती पाचही ज्यात येतात असं एक वाक्य मी बरीच वर्षं वापरते:

ए, ऐक ना, बडोद्याच्या बँकेत झाडू कुणी मारला?

त्यापुढे एक गुजराती शब्द आणि एक इमोजी जोडा. हे फाइलीतून वाचा, डेटाबेसात घाला, परत काढा, सीएसव्हीत लिहा, एक्सेलमध्ये उघडा, आणि शेवटी मूळ फाइलीशी बाइट ताडून बघा. मंडळाच्या ॲपमध्ये हे वाक्य अजून पहिल्या नंबरच्या वर्गणीदाराच्या शेऱ्यात आहे. काकांनी एकदा विचारलं, हा झाडूचा काय प्रकार? म्हटलं, राहू द्या, तो नीट दिसतोय तोवर यादी नीट आहे.